पाठमोऱ्या बाईचा ऑक्टोबर

ऑक्टोबर तापायला लागला की अख्खी डोंबिवली कुरकुरते आणि मला मात्र चेव चढतो. पाऊस नुकताच उरकलेला असतो, वारा हलत नाही, दुपारी फरशी कोमट लागते आणि पंखा वरची गरम हवा खाली ढकलण्यापलीकडे काही करत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये याच दिवसांत कुणी ना कुणी दिवाळीआधी घर रंगवायला काढतं. जिन्यात टर्पेंटाइनचा वास भरतो. लोक नाकाला रुमाल लावून भराभर वर जातात आणि मी त्या मजल्यावर उगाच दोन मिनिटं रेंगाळते. गेल्या आठवड्यात रंगाऱ्याने विचारलंच, ताई, काही पाहिजे का. काही नको, म्हटलं, चालू दे तुमचं.

या उन्हाचं कौतुक मला चार वर्षांपूर्वी वाटायला लागलं. त्याआधी मीही घाम पुसत शिव्याच घालायचे. पण ज्याने तेलरंगात काही केलंय आणि ते वाळायची वाट बघितलीय, त्याला ऑक्टोबर काय चीज आहे ते कळतं. पावसाळ्यात तेलरंग वाळता वाळत नाही. श्रावणात लावलेला रंगाचा हात भाद्रपदातही बोटाला चिकटतो. ऑक्टोबरात तोच रंग आठवडाभरात खडखडीत होतो. माझं एक मोठं काम या खडखडीतपणाने केलंय, म्हणून मी त्याच्या बाजूने भांडते.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. मानपाड्याला छपाईच्या शाईचा एक कारखाना आहे, तिथे शेड जुळवण्याच्या खोलीत माझी सव्वीस वर्षं गेली. काम सांगायला सोपं आहे. गिऱ्हाईक बिस्किटाच्या पुड्याचा तुकडा पाठवतं, म्हणतं, हाच लाल हवा. मग मी शाया मिसळायच्या, कागदावर ओढायच्या आणि तुकड्याशेजारी धरून सांगायचं, अजून जरा पिवळ्याकडे घ्या, किंवा झालं, भरा. माझी मान हलल्याशिवाय डबा भरला जायचा नाही. नवीन आलेले इंजिनिअर दोन लालांमध्ये काहीच फरक नाही म्हणून माझ्याशी वाद घालायचे आणि मग गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की गुपचूप माझ्या टेबलाशी यायचे. मी त्यांना चहा पाजायचे, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. माझ्या डोळ्यांचा मला माज होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

मग ते यंत्र आलं. टिफिनच्या डब्याएवढं. रंगावर टेकवायचं, बटण दाबायचं, की पडद्यावर आकडे येतात आणि काय किती घालायचं तेही येतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून नीट समजावलं, कॉफी मागवली, आणि जुन्या नमुन्यांच्या खोलीत माझं टेबल हलवलं. पगार तोच. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. अपमान करणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी हा सगळा त्रास होता. त्या खोलीत पंचवीस-तीस हजार रंगीत तुकडे फायलींत लावून ठेवलेले, त्यातले अर्धे माझ्याच हातचे, आणि मी त्यांची धूळ झटकत बसायचे. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. या डोळ्यांना त्या डब्यापेक्षा जास्त काही येतं की नाही?

क्लास शोधला तो मुलीने, मृणालने. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची, आणि ठाण्याला कोपरीत एक दळवी सर नेमके शुक्रवारी तेलरंग शिकवायचे. आम्ही राहतो डोंबिवली पश्चिमेला, कोपरला. कोपरहून कोपरीला कशाला, म्हणून नवऱ्याने जी थट्टा सुरू केली ती अजून संपलेली नाही.

दळवी सर शहात्तर वर्षांचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या हॉलला उत्तरेची मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीसाठीच त्यांनी ती जागा घेतली असं ते सांगत. बोलणं मोजकं, आवाज मऊ, पण शिकवण्याची रीत कडक. पहिलं वर्षभर स्वतःचं काही काढायचं नाही. जुन्या उस्तादांच्या चित्रांचे छापील कागद त्यांनी प्लायवूडवर चिकटवून ठेवले होते, त्यातलं प्रत्येकाने एक निवडायचं आणि त्याची नक्कल करायची. क्लास संपताना सर हातात रंगाची सुरी घेऊन सगळ्यांच्या कॅनव्हासपुढून फिरायचे. जिथे चुकलं तिथला ओला रंग ते खरवडून टाकायचे, भांड्याच्या तळाचं करपलेलं दूध काढावं तसा. रागावणं नाही, समजावणं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा.

मी निवडली ती एक पाठमोरी बाई. कुण्या परदेशी चित्रकाराची. कागदाची खालची पट्टी फाटून गेल्यामुळे त्याचं नाव मला आजतागायत माहीत नाही. बाई नदीच्या दगडी पायरीवर बसून धुतलेलं कापड पिळतेय. कमरेपर्यंत उघडी, केस वर बांधलेले, पिळताना उजवा खांदा जरा उचललेला, आणि एक टाच पाण्याच्या काठावर टेकलेली. तिचा चेहरा दिसत नाही. पण ती पाठ अशी होती की बघणाऱ्याला कळावं, हिने सकाळपासून बरंच काम केलंय आणि अजून बरंच बाकी आहे. मला ती लगेच ओळखीची वाटली.

श्रावणात चौकटी आखून रेखाटन झालं. मग सगळी बाई नुसत्या तपकिरी रंगात, उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच. सरांनी सुरी उचलली नाही. पावसाने ते तपकिरी वाळायलाच तीन आठवडे घेतले आणि मग पितृपक्ष लागताना सर म्हणाले, आता कातडीचा रंग. मी मनात म्हटलं, या आता माझ्या गावात.

मी कारखान्यातलं माझं जुनं कार्ड घेऊन गेले. करड्या रंगाचं जाड कार्ड, त्याला दोन चौकोनी भोकं. एका भोकात नमुना, दुसऱ्यात आपला रंग. आजूबाजूचं सगळं झाकलेलं, म्हणजे डोळा फसत नाही. सव्वीस वर्षं मी याच भोकांतून जग बघितलं होतं. ते कार्ड मी बाईच्या पाठीवर ठेवलं आणि बोटाच्या पेराएवढा एकेक तुकडा जुळवत गेले. वहीत नंबर टाकले. मानेखाली एक ते बावीस, खांदा तेवीस ते साठ. शेजारच्या शैलाताई स्वतःचं काम सोडून माझं बघत बसल्या. तीन तासांनी मी मागे सरकले. छापील कागदाशी एकही शेड चुकलेली नव्हती, मी शपथेवर सांगू शकते.

सरांनी ती सगळी खरवडली.

दुसऱ्या शुक्रवारी मी आणखी बारीक तुकडे केले. तीही खरवडली. तिसऱ्या वेळी मात्र मला राहवलं नाही. मी सरांचा हात अडवला नाही, पण कार्ड त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, सर, कुठली शेड चुकलीय ते दाखवा, मी क्लास सोडून देते.

सरांनी कार्ड हातात घेतलं, भोकांतून नीट बघितलं, दोन-तीन ठिकाणी फिरवून बघितलं. मग म्हणाले, "शेड एकूण एक बरोबर आहेत, सुनंदाताई. बाई चुकलीय."

आणि खरवडली.

हे वाक्य मला किती लागलं ते कसं सांगू. शेड एकूण एक बरोबर, हे तर तो डबाही करून देतो. म्हणजे माझी सव्वीस वर्षं डब्याएवढीच. घरी आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचंच होतं असं मी सगळ्यांना सांगितलं. मंगळवार ते गुरुवार रोज संध्याकाळी खिडकीशी कॅनव्हास लावून मी पुन्हा तेच केलं, तेच कार्ड, तेच नंबर, आणखी काटेकोर. हट्ट म्हणजे हट्ट. मृणाल कॉलेजातून आली, बॅग खांद्यावर तशीच ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, मम्मी, सच्ची बोलू? हिला कावीळ झालेय. मी तिला स्वयंपाकघरात पिटाळलं. पण ती गेल्यावर मलाही दिसलं. तो छापील कागद तीस-चाळीस वर्षांचा जुना, पिवळा-हिरवा पडलेला. मी बाई जुळवलीच नव्हती, मी कागदाचं म्हातारपण जुळवलं होतं. वर तुकड्यातुकड्याची ती पाठ जवळून गोधडीसारखी दिसत होती. शेड जुळवणाऱ्या माणसाशिवाय ही चूक इतक्या तंतोतंत दुसऱ्या कुणाला जमली नसती.

तेवढ्यात खंडेनवमी आली, आणि आली ती नेमकी शुक्रवारी. कारखान्यात आदल्या दिवशीच पूजा उरकली. यंत्रांना झेंडूचे हार घातले, आणि शेडच्या त्या डब्याला हळदकुंकू कुणी लावायचं, तर साहेब म्हणाले, सुनंदाताई सीनियर आहेत, त्याच लावतील. लावलं. जरा जास्तच लावलं. दुसऱ्या दिवशी कोपरीला सरांकडे पाटावर ब्रश, पॅलेट आणि ती सुरी मांडलेली, वर झेंडू. त्यांच्या घरची रीत, त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. रंगवायचं नाही, फक्त आपापलं काम आणून दाखवायचं आणि पेढा खायचा. सरांनी माझी कावीळ झालेली बाई बघितली. त्यांचा हात सवयीने सुरीकडे गेला, पाटापर्यंत पोचला आणि मागे आला.

नशीब तुमचं, एवढंच म्हणाले. माझी गोधडी त्या दिवशी वाचली.

आता मला अधूनमधून वाटतं, त्या वर्षी खंडेनवमी गुरुवारी आली असती तर? मी बहुधा क्लास सोडला असता आणि नमुन्यांच्या खोलीत धूळ झटकत निवृत्त झाले असते, मनात एक कडूपणा धरून. आज तो डबा जागच्या जागी आहे, चोख काम करतो, आणि माझं त्याच्याशी काही भांडण राहिलेलं नाही. कधी नवीन मुलं गोंधळली तर मला हाक मारतात. मी जाते, बघते, सांगते. टोमणे मारायचे मात्र मी सोडलेले नाहीत.

तर त्या पेढ्याच्या दुसऱ्या दिवशीचा दसरा, दोघांनाही सुट्टी. दुपारचे तीन, ऑक्टोबरचं ऊन अगदी भरात. आमच्या बाल्कनीला कबुतरांसाठी आणि उन्हासाठी हिरवी जाळी लावलेली आहे. नवरा बनियन काढून तिथे स्टुलावर पाठमोरा बसला होता, कुंडीतली माती उकरत. मी त्याला चहा द्यायला गेले आणि कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्याच्या पाठीवर हिरवा होता. जाळीतून आलेला, खांद्याच्या कडेला चक्क हिरवा. कमरेकडे लाल फरशीचा तांबूस उजेड वर चढलेला. दोन्हीच्या मधे एक राखाडी, आणि तो तांबड्याच्या शेजारी असल्यामुळे निळा दिसत होता. मी हाताची मूठ करून भोक केलं आणि त्यातून बघितलं. निळा गेला, नुसता मळकट राखाडी उरला. मूठ काढली, निळा परत आला.

काय चाललंय, त्याने विचारलं. हलू नका, म्हटलं. अगं, चहा तरी दे. थांबा हो जरा. बिचाऱ्याने चाळीस मिनिटं माती उकरण्याचं नाटक केलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई वाळत घातलेले कपडे काढताना आमच्याकडे बघून गेल्या, त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. मी त्या पाठीकडे पंचवीस वर्षं बघत आले होते आणि तिचा रंग विचारला असता तर गव्हाळ म्हणून मोकळी झाले असते. तिला एक रंग नव्हताच. प्रत्येक ठिकाणचा रंग शेजाऱ्याकडून आलेला होता. कारखान्यात शेजारी झाकण्याचे मला पैसे मिळत होते आणि इथे सगळं काही शेजाऱ्यांतच होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या घामेजलेल्या पाठीवर एक चापट मारली. चहा तोवर पार गार झाला होता.

पुढच्या शुक्रवारी सरांनी सुरी उचलली, माझ्या कॅनव्हासवर बोट टेकवलं आणि सुरी खाली ठेवली. आठ दिवसांच्या उन्हाने माझी गोधडी वाळून दगड झाली होती. आता काही निघणार नव्हतं.

"हिच्यावरच रंगवा," ते म्हणाले. "पातळ. खालचं जरा दिसू दे."

मी कार्ड पिशवीतून काढलंच नाही. अळशीच्या तेलात पातळ केलेला गुलाबी-तांबूस हात मी त्या पिवळ्या-हिरव्या पाठीवर फिरवला, आणि माझ्या डोळ्यांदेखत कावीळ उतरायला लागली. खालचा हिरवा वरच्या तांबड्यातून डोकावला आणि रंगाच्या थराखाली रक्त असावं तशी ती पाठ उबदार झाली. मी केलेली एकशे चाळीस चुकांची ती नक्षी सगळी आत होती आणि सगळी उपयोगी पडत होती. शैलाताई म्हणाल्या, बाई गं, ही श्वास घेतेय. मी ब्रश पुन्हा तेलात बुडवला.

ते सगळे दिवस मी हवेत होते. तांदूळ निवडताना, भाजणी भाजताना, रिक्षात समोरच्या माणसाच्या मानेवर, सगळीकडे रंग. चकल्यांचा घाणा काढताना मला तेलाच्या उजेडात स्वतःच्या मनगटावरचा जांभळा दिसला आणि एक घाणा करपला. नवऱ्याने तो मुकाट्याने खाल्ला. दर दोन-तीन दिवसांनी एक पातळ थर, आणि ऑक्टोबर तो इमानदारीने वाळवून देत होता. पाठ झाली, खांदा झाला, पिळलेलं कापड झालं. सरांची सुरी माझ्या कॅनव्हासपुढे थांबायची आणि पुढे जायची.

दिवाळीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी फक्त टाच राहिली होती. काठावर टेकलेली, ओली, दगडावर दाबून खालून पांढरी पडलेली आणि वर थंडीने लाल झालेली. छापील कागदात तिथे नुसता एक डाग होता; रंग उडून गेलेले. जुळवायला नमुनाच नाही. मी त्या डागाकडे बघणं सोडलं आणि मी स्वतः रंगवलेल्या पाण्याकडे, दगडाकडे, पाठीकडे बघितलं. या तिघांच्या मधे बसलेल्या टाचेचा रंग काय असायला हवा, एवढंच स्वतःला विचारलं. तासभर मिसळत होते. मग तीन हात लावले. चौथा लावावासा वाटला नाही.

सर सुरी घेऊन आले. उभे राहिले. खाली वाकले, टाचेपाशी नाक नेलं, मागे सरकले, पुन्हा वाकले. हॉलमध्ये सगळे ब्रश थांबले होते. आता ती खरवडली असती तर मला पुन्हा तशी करता आली नसती. सर वळले आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी सरकवल्याचा आला.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुना कॅनव्हास होता, कडा काळ्या पडलेल्या. तीच बाई. तोच उचललेला खांदा, तेच पिळलेलं कापड, आणि पाठ इतकी सुंदर की मला माझी क्षणभर कच्ची वाटली. पण टाच नव्हती. पायरीवर पाणी चढलेलं होतं, घोट्यापर्यंत.

सर म्हणाले, ते चोविसाव्या वर्षी शिकत असताना केलेली ही नक्कल. टाच जमेना. सात वेळा खरवडली. शेवटी पाणी वर आणून झाकून टाकली आणि परीक्षकांच्या ते लक्षातही आलं नाही. मग हसून म्हणाले, मला मात्र रोज दिसते. बावन्न वर्षं त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती.

त्यांनी आपला कॅनव्हास माझ्या शेजारच्या ईझलवर चढवला, खुर्ची ओढली आणि माझी पॅलेट मागून घेतली. मला म्हणाले, तुम्ही इथे उभ्या राहा. तांबडा घेतला, पांढरा घेतला, दगडातला करडा घेतला, सुरीने कालवलं आणि सुरीच्या टोकावर रंग धरून माझ्याकडे बघितलं.

"ही?"

"नाही सर. अजून थंड."

त्यांनी करडा वाढवला. "ही?"

मी त्यांच्या पाण्याकडे बघितलं, त्यांच्या पाठीकडे बघितलं. ती माझ्या पाठीपेक्षा गडद होती, तिला माझा रंग चालला नसता. तिचा तिला हवा होता. "हिरवा घाला," म्हटलं. "थेंबभर. अजून निम्मा. बस."

त्यांनी कालवलं आणि सुरी पुन्हा वर धरली. खिडकीतून ऑक्टोबरचा पांढरा उजेड सरळ त्या रंगावर पडला होता. मी घाई केली नाही. हवा तेवढा वेळ घेतला.

"हं," मी म्हटलं. "आता लावा."

आणि सरांनी पाण्यावर टाच लावली.